बोट मोठी, माणसं किती?

आमच्या नेसरीचं नाव इतिहासात गेलं ते सात माणसांमुळं. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथल्याच खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. समोर हजारोंची फौज, आणि इकडं सात. त्यामुळं की काय कोण जाणे, पण आमच्याकडच्या माणसाला गर्दीचं फारसं अप्रूप नाही. बाजाराचा दिवस सोडला तर एसटी स्टँडावर सुद्धा एकमेकांना नावानं हाक मारता येईल एवढीच माणसं. मी बँकेच्या नोकरीत गावोगाव हिंडलो आणि निवृत्त होऊन परत इथं आलो, त्याला हेही एक कारण आहे.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून मुलाचा फोन आला. ‘बाबा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. मे महिन्यात सगळे मिळून क्रूझला जाऊ. मुंबईहून सुटते, गोवा आणि लक्षद्वीप करून परत मुंबईला आणून सोडते. मला रजा मिळेल, पिंट्याची शाळा बंद असेल. आईला विचारा.’

हिनं फोन घेतला आणि एकच प्रश्न विचारला. ‘बोटीवर माणसं किती असतात रे?’

‘असतील दीड-दोन हजार.’

हिनं काही न बोलता फोन माझ्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.

यामागं एक गोष्ट आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका जत्रेत आम्ही गर्दीत सापडलो होतो. कुणीतरी ‘तार तुटली’ म्हणून ओरडलं. तार तुटलेली नव्हतीच. पण मागची माणसं पुढं रेटली गेली आणि ही खाली पडली. मी तिच्यापासून दहा हातांवर होतो, आणि दहा मिनिटं मला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही. मनगटाचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. पण तेव्हापासून ही कुठंही गेली, लग्नाच्या हॉलमध्ये, नाटकाला, दवाखान्यात, की आधी दार कुठं आहे ते बघते आणि त्याच्याजवळची खुर्ची धरते. आमच्या घरात याविषयी कुणी बोलत नाही. मुलाला हे ठाऊक होतं. उत्साहाच्या भरात तो विसरला.

हिची भीती वेडगळ आहे असं मला म्हणवत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसं गेली. ती सकाळी कामाला निघालेली होती. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली. १५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. ती माणसं कुठल्या कामानं गेली नव्हती. पावसाळी रविवार, नदीला आलेलं पाणी बघायला गेलेली ती चार घरची माणसं. आणि आमच्यापासून तास-दीड तासावरच्या आंबोलीत जुलैच्या रविवारी काय चालतं ते ज्यानं पाहिलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. धबधब्याखाली माणूस भिजत नाही, माणूस माणसाला घासतो. घाटात गाड्या तासन् तास अडकतात. तीच आंबोली मंगळवारी सकाळी बघा. धुकं, पाऊस, आणि कणीस भाजणारी एक बाई.

मुद्दा तिथंच आहे. जागा तीच, पाऊस तोच. बदलतो फक्त वार.

नोकरीत असताना हे मी एका शाखेत शिकलो. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनर मंडळी सकाळी साडेनऊपासून पायरीवर येऊन बसायची. दहाला शटर वर गेलं की झुंबड उडे. पितळी टोकनं कमी पडत, रोखपाल वैतागे, एखाद्या आजोबांना घेरी येई. वरिष्ठांकडं आणखी एक काउंटर मागायचा असं सगळ्यांचं मत होतं. काउंटर काही मिळाला नाही. मग आम्ही एक केलं. अ ते म आडनावांची मंडळी एक तारखेला, उरलेली दोन तारखेला, आणि ज्यांना घाई नाही त्यांनी दुपारी एकनंतर यावं, त्यांना बसायला बाक आणि चहा. तीन महिन्यांत झुंबड संपली. माणसं तेवढीच होती, पैसे तेवढेच, रोखपालही तोच. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय, की गर्दी म्हणजे माणसांची संख्या नव्हे. एकाच वेळी एकाच दारात आलेली माणसं म्हणजे गर्दी.

तर मुलाचा फोन झाल्यावर मी बोटींचा अभ्यास करायला बसलो. कर्जाचा प्रस्ताव आला की ताळेबंद उघडायचा, ही जुनी खोड. बोटीचाही एक ताळेबंद असतो. प्रत्येक बोटीचं ‘ग्रॉस टनेज’ छापलेलं असतं. ते वजन नव्हे. बोटीच्या आत बंदिस्त जागा किती आहे, त्याचं ते माप. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं, की दर माणशी किती जागा वाट्याला येते याचा एक आकडा मिळतो. जहाजाच्या धंद्यातली माणसं हाच आकडा बघतात. तिशीच्या आसपास असला तर दाटीवाटी, चाळिशीच्या वर ऐसपैस, आणि साठ-सत्तरच्या वर गेला तर ती आपल्यासारख्यांची बोट नव्हे.

आता गंमत बघा. ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही अवाढव्य बोट जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मायामीहून पहिल्या सफरीवर निघाली. तिचं टनेज २,४८,६६३. एका खोलीत दोघं या हिशेबानं प्रवासी ५,६१०. भागाकार ४४. म्हणजे एक अख्खं मोठं गाव पोटात घेऊन जाणारी ही बोट आकड्यात ऐसपैस ठरते. उलट मुंबईहून गेली काही वर्षं सुटणारी बोट १९९० साली बांधलेली, टनेज ४८ हजारांच्या थोडं वर, प्रवासी सोळाशेच्या आसपास. भागाकार तीस. लहान बोट म्हणजे कमी गर्दी हा माझा समज पहिल्याच संध्याकाळी खोटा ठरला.

पण बँकेतल्या माणसानं ताळेबंदाखालची बारीक अक्षरं वाचायची असतात. हा भागाकार एका खोलीत दोघं धरून केलेला असतो. खोलीत भिंतीला दुमडलेली वरची फळी असते, सोफ्याचा पलंग होतो. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात त्या फळीवर आणि सोफ्यावर मुलं झोपतात. त्याच ‘आयकॉन’वर सगळ्या फळ्या भरल्या तर प्रवासी होतात ७,६००. आता भागा. ४४ चे ३३ झाले. बोट तीच, तिकीट बहुधा जास्तच, आणि दर माणशी मिळणारी एक चतुर्थांश जागा गायब. मी हा कागद मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘बाबा, तुम्ही क्रूझचं सुद्धा इन्स्पेक्शन करणार?’

करणार. कारण माझ्या मनात बोट म्हटलं की वेगळंच चित्र आहे.

मी कॉलेजात असताना काकांकडं मुंबईला जायचं होतं, तेव्हा हट्टानं बोटीनं गेलो. काका गिरणीत. आमच्या भागातली माणसं कोल्हापूरवरून मुंबई गाठत. पण मला समुद्र बघायचा होता, म्हणून आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलो. बोट लांब उभी. धक्क्यावरून पडावात बसायचं, पडाव हेलकावत बोटीला लागायचा आणि खलाशी माणसाला बखोटीला धरून वर ओढायचा. आधी ट्रंक, मग पोर, मग बाई. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या तेव्हाच्या बोटींची नावं कोकणातल्या पन्नाशीपुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, डोळे लकाकतात. डेकवर जागा धरण्यासाठी घोंगडी पसरायची. घोंगडीची चार टोकं म्हणजे आपली हद्द. एका बाजूला फणस, एका बाजूला आंब्याच्या पेट्या, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या. लाट लागली की निम्मा डेक ओकत असे, आणि शेजारची अनोळखी बाई लिंबू कापून हातावर ठेवी. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरं घेत बोट भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत शेजारच्या घोंगडीवरच्या माणसाच्या तीन पिढ्या पाठ झालेल्या असत.

हे आठवून पुष्कळ लोक हळवे होतात. मी होत नाही. त्या दाटीत माया होती तशी बेफिकिरीही होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. घरी सणाला निघालेली माणसं, पावसाळी समुद्र. लाटेचा तडाखा बसला, बोट कलली, माणसं जिवाच्या आकांतानं एका अंगाला धावली. सहाशेच्या वर गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता, आणि रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या पंधरा ऑगस्टला सुतक होतं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची एक वेगवान नौका धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. चूक त्या प्रवासी बोटीची नव्हती. पण बोटीवर परवानगीपेक्षा जास्त माणसं होती हे नंतर पुढं आलं, आणि सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांत समुद्र तोच राहिला आणि ‘घ्या हो, दोघं-चौघं बसतील’ हेही तेच राहिलं.

मोठ्या क्रूझवर एवढं ढिलं काम नसतं, हे मान्य करायला हवं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली, ३२ जण गेले. त्यात काही प्रवासी आदल्या बंदरात नुकतेच चढलेले, त्यांना संकटात कुठं जमायचं हे कुणी दाखवलेलंच नव्हतं. त्यानंतर नियम कडक झाला. बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर प्रत्येकाला आपलं जमण्याचं ठिकाण दाखवलंच पाहिजे. पुष्कळ प्रवासी ही कवायत टाळायला बघतात, फोटो काढत बसतात. मला विचाराल तर सबंध सफरीतलं तेवढं एकच काम मन लावून करण्यासारखं आहे. आणि करोनानं दुसरा धडा दिला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर ६६ जण बाधित निघाले आणि बोट परत फिरली. तिथं दार कुठं आहे हे माहीत असून उपयोग नव्हता.

आता गर्दी टाळायची म्हणजे करायचं काय? जे हाती लागलं ते सांगतो. शुक्रवारी सुटणाऱ्या सफरीपेक्षा सोमवारी सुटणारी निवडावी. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट शनिवार-रविवारला चिकटून आला असेल तर तो आठवडा सोडून द्यावा. आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघतो तसं शेजारच्या राज्यांचंही बघावं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सारा गुजरात घराबाहेर असतो. जिना आणि लिफ्टपासून लांबची, बोटीच्या मध्यावरची खोली घ्यावी, तिथं वर्दळ कमी आणि हेलकावाही कमी. जेवणाच्या हॉलमध्ये साडेआठला जी रांग असते ती साडेसातला नसते. आपल्यासारख्या पहाटे उठणाऱ्या माणसाला ही काही शिक्षा नव्हे. आणि बोट बंदराला लागली की सगळे उतरतात, तेव्हा आपण उतरू नये. अख्खी बोट रिकामी मिळते. मुरगावला बोट लागेल तेव्हा दीड हजार माणसं बसमध्ये कोंबून जुन्या गोव्याला जातील. आम्हा नेसरीकरांना गोवा घाट उतरला की आहे. मुंबईला जाऊन, समुद्रात शिरून गोवा बघायला मी कशाला जाऊ?

हा सगळा झाला व्यक्तीचा शहाणपणा. पण यानं प्रश्न सुटत नाही, हेही तेवढंच खरं. मी सोमवारची सफर निवडू शकतो, कारण मी निवृत्त आहे. ज्याची मुलं शाळेत आहेत आणि ज्याला साहेब मोजून चार दिवस रजा देतो, तो मे महिन्यात जाणार नाही तर कधी जाणार? आम्हा बँकवाल्यांना एल.एफ.सी. असे, चार वर्षांतून एकदा भारतभर कुठंही जाण्याची सवलत. पण मार्च अखेर, सप्टेंबर अखेर, मुलांच्या परीक्षा, बदलीचा हंगाम हे सगळं वजा जाता उरायचा तो मे महिना. शेकडो शाखांतले हजारो अधिकारी त्याच तीन आठवड्यांत त्याच रेल्वेगाड्यांत. उटीच्या तळ्यावर मला माझ्याच बँकेचे चार मॅनेजर भेटले आहेत, आणि आम्ही तिथं उभ्या उभ्या थकबाकीवर बोललो आहोत.

पेन्शनरांना दोन तारखा वाटून देणारं तिथं कुणीतरी होतं. महाराष्ट्राच्या सुट्ट्यांना तसं कुणी नाही. फ्रान्समध्ये देशाचे तीन भाग पाडून हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या शाळेच्या सुट्ट्या पुढंमागं देतात, सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये म्हणून. आपल्याकडं विदर्भातल्या उन्हामुळं तिथल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात, तेवढाच काय तो फरक, आणि तोही सूर्यानं करून दिलेला. कोल्हापूर विभागाची दिवाळीची सुट्टी आठ दिवस इकडंतिकडं करा असं सुचवलं तर केवढा गहजब होईल, ते मला कळतं. दिवाळी कुणाला हलवता येत नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीला काही पंचांग लागत नाही.

जिथं माणसांच्या तारखा वाटता येत नाहीत, तिथं लोक दाराला माप लावू लागले आहेत. व्हेनिसनं ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना शहराच्या पोटातल्या कालव्यातून यायला बंदी केली, आणि २०२४ मध्ये ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. अलास्कातल्या जुनोनं दिवसाला पाचच मोठ्या बोटी असं ठरवलं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटानं रोज आठ हजार क्रूझप्रवासी ही मर्यादा घातली. आपलं लक्षद्वीप तर आधीपासूनच परवान्याशिवाय कुणाला येऊ देत नाही. बेटं इवलीशी, पाणी मोजकं, तिथं दुसरं करणार काय? गोव्यात मात्र २०२४ या एका वर्षात एक कोटीवर पर्यटक आले. गोव्याची स्वतःची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख. आंबोलीच्या रविवारला माप कुणी लावायचं, हा प्रश्न अजून ग्रामपंचायत, वनखातं आणि पोलीस एकमेकांच्या टेबलावर सरकवताहेत.

आणि तिसरा उपाय पैशाचा. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या ‘गंगा विलास’वर खोल्या १८ आणि प्रवासी ३६. ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर, गर्दीचं नाव नाही. भाडं असं, की गर्दी व्हायची शक्यताच नाही. एकांत आता दुकानात मिळतो, आणि तो खोलीच्या दराप्रमाणं मिळतो. त्या जुन्या बोटीवरही वरच्या बाजूला केबिनी होत्या आणि त्यांची दारं बंद असत. पण डेकवरच्या माणसाला निदान वारा फुकट होता. आता काही बोटींवर चांगल्या वाऱ्याचा डेकही कार्ड दाखवणाऱ्यालाच उघडतो.

आमच्या घरातली वाटाघाट दोन महिने चालली. मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली सोमवारची सफर सुचवली. मुलाला रजा मिळत होती. अडत होतं ते पिंट्याच्या शाळेवर. सून म्हणाली, ‘बाबा, चार दिवस शाळा बुडाली तर काही होत नाही.’ मी आयुष्यभर रजेच्या अर्जावर ‘कारण सबळ नाही’ असे शेरे मारलेला माणूस. मला ते पटेना. शेवटी पिंट्यानंच वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहिली : ‘आजीला गर्दीची भीती वाटते म्हणून आम्ही सुट्टी नसताना जाणार आहोत.’ बाईंनी खाली सही करून लिहिलं, ‘आल्यावर वर्गात समुद्राविषयी सांगणे.’

परवा आम्ही दोघं कोल्हापूरला बुकिंग करायला गेलो. त्या मुलानं संगणकावर बोटीचा नकाशा उघडला. प्रत्येक मजल्यावर मुंगीएवढ्या खोल्या. मी माझा कागद काढून त्याला मध्यावरची, जिन्यापासून लांबची खोली दाखवायला सांगितली. ही इतका वेळ गप्प होती. तिनं पर्समधून चष्मा काढला, खुर्ची पुढं ओढली आणि बराच वेळ नकाशा बघत राहिली. मग जिन्याला अगदी लागून असलेल्या एका खोलीवर बोट ठेवलं.

तो मुलगा म्हणाला, ‘काकू, तिथं रात्रभर लोकांच्या पायांचा आवाज येतो.’

‘येऊ दे,’ ही म्हणाली. ‘हीच लिहा.’